‘किती प्रकारे?’ या गणितांत आधी यादी, मग गुणाकार

प्रश्न असा आहे: मुलगी आठवीत, चाळीसगावला शिकते. ‘किती प्रकारे’ असं गणित आलं की कधी गुणायचं, कधी मिळवायचं आणि कधी दोनाने भागायचं हे तिला ठरवता येत नाही. संभाव्यतेचं सूत्र तोंडपाठ आहे, तरी दोन फाशांची गणितं चुकतात. घरी सराव कसा घ्यावा?

ताई, सूत्र पाठ असूनही गणित चुकतं, तेव्हा बहुतेक वेळा एकच गोष्ट राहून गेलेली असते. ज्या गोष्टी मोजायच्या त्यांची पूर्ण यादी मुलीने स्वतःच्या हाताने कधी केलेली नसते. ‘सहा गुणिले पाच भागिले दोन’ तिला ठाऊक असतं, पण ते दोन कुठून आले हे तिने पाहिलेलं नसतं. म्हणून पहिले आठ-दहा दिवस सूत्र बंद ठेवा. उत्तर ३० च्या आत येईल अशीच गणितं द्या आणि प्रत्येक उत्तर यादी करूनच काढायला लावा. घाई करायचं कारण नाही. राज्य मंडळाच्या पुस्तकात संभाव्यतेचं प्रकरण दहावीत येतं, हाताशी वेळ आहे.

यादीलाही शिस्त लागते. सुचेल तसं लिहीत गेलं की दोन जोड्या सुटतात आणि एखादी दोनदा येते. कधीकधी एक सुटते, एक दोनदा येते आणि उत्तर मात्र बरोबर निघतं. अशी चूक कुणाच्याच लक्षात येत नाही. यावर उपाय म्हणजे पहिली वस्तू धरून ठेवायची, तिच्यासोबतचं सगळं लिहून संपवायचं, मगच दुसरीला हात लावायचा. नावं पूर्ण लिहू नयेत, एकेक अक्षर पुरे. फक्त दोन वस्तूंना एकच अक्षर येणार नाही एवढं बघा. शेवभाजी आणि शेपू दोघांना ‘शे’ दिलं की यादी बिघडलीच.

घरातल्या जेवणापासून सुरुवात करा. भाकरी ज्वारीची, बाजरीची किंवा कळण्याची. भाजी भरीत, शेवभाजी, पाटवडी किंवा डुबुकवडे. एक भाकरी आणि एक भाजी घ्यायची. यादी अशी होते:

ज-भ, ज-श, ज-प, ज-ड
ब-भ, ब-श, ब-प, ब-ड
क-भ, क-श, क-प, क-ड

तीन ओळी, प्रत्येक ओळीत चार, म्हणून ३ × ४ = १२. गुणाकार इथून येतो: ओळी सारख्या लांबीच्या आहेत म्हणून. हे वाक्य मुलीकडून तिच्या शब्दांत वदवून घ्या, कारण पुढचं गणित यावरच उभं आहे. आता अट घाला: भरीत असेल तर भाकरी कळण्याचीच. वरच्या यादीत ज-भ आणि ब-भ खोडले जातात. ओळी उरल्या ३, ३ आणि ४ लांबीच्या, बेरीज १०. ओळी सारख्या राहिल्या नाहीत, त्यामुळे ३ × ४ चालत नाही. अटीची गणितं मुलांना अवघड जातात ती इथेच. अट वाचूनही हात सवयीने गुणतो. अट दिसली की आधी एक ओळ पूर्ण लिहायची, मग दुसरी लिहायची आणि दोन्हींची लांबी ताडून पाहायची, हा नियम ठेवा.

झाडाची आकृती, म्हणजे प्रत्येक पर्यायाला एक फांदी फोडत काढलेलं चित्र, हीही हेच सांगते. ती काढताना वही आडवी धरा आणि डावीकडून सुरुवात करा. शेवटी किती टोकं येणार याचा अंदाज आधी घेऊन उजवीकडे तेवढ्या ओळी मोकळ्या सोडा. वर भाकरी-भाजीसोबत ठेचा किंवा कांदा असा तिसरा पर्याय घातला तर (अट नसताना) २४ टोकं होतात. जागा पुरली नाही की मुलं फांद्या कोंबतात आणि दोन-तीन टोकं गायब होतात. चारच्या पुढे टप्पे गेले तर झाड काढू नये, तिथे ओळींचा हिशेबच बरा.

मिळवायचं कधी? समजा धुळ्याहून पारोळ्याला ३ गाड्या आहेत, पारोळ्याहून जळगावला ४. गाडी बदलून जायचे प्रकार ३ × ४ = १२. याशिवाय धुळे ते जळगाव थेट २ गाड्या असतील तर एकूण १२ + २ = १४. पारोळ्याला उतरलेल्या माणसाचा प्रवास अजून व्हायचा आहे, म्हणून तिथे गुणाकार. थेट गाडीत बसलेल्याचं काम तिथेच पुरं झालं, म्हणून ती वेगळी मोजून मिळवायची. ‘या पायरीवर काम पूर्ण झालं की अजून उरलं?’ एवढाच प्रश्न विचारायला शिकवा. काही ठिकाणी ‘आणि आलं की गुणाकार, किंवा आलं की बेरीज’ असं शिकवतात. ते टाळा. ‘टोपलीत ३ आंबे आणि ४ पेरू आहेत, एक फळ उचला’ यात ‘आणि’ आहे, उत्तर मात्र ७ आहे.

आता दोनाने भागण्याकडे येऊ. मुलीची खरी अडचण इथे आहे. सुरत-भुसावळ मार्गावरची पाच स्टेशनं घ्या: नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव. पहिला प्रश्न: ‘कुठून कुठे’ छापलेली वेगवेगळी तिकिटं किती लागतील? निघायचं स्टेशन ५ प्रकारे, पोचायचं ४ प्रकारे, म्हणून २०. दुसरा प्रश्न: या स्टेशनांमधल्या अंतरांच्या तक्त्यात वेगवेगळ्या किती नोंदी हव्यात? अमळनेर ते जळगाव आणि जळगाव ते अमळनेर अंतर एकच, म्हणून २० पैकी प्रत्येक जोडी दोनदा मोजली गेली, उत्तर १०. दोन्ही प्रश्न एकाच दिवशी, एकाच पानावर सोडवून घ्या. वेगवेगळ्या दिवशी दिले तर मुलगी दोन वेगळी सूत्रं पाठ करेल आणि भागाकाराचं कारण तसंच राहील.

कबड्डीच्या सामन्यांचं गणितही असंच. अमळनेर, चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, शहादा असे सहा संघ आणि प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक सामना. यादीने ५ + ४ + ३ + २ + १ = १५, गुणून ६ × ५ = ३० आणि निम्मे १५. पण ‘एक सामना आपल्या मैदानावर, एक त्यांच्या’ म्हटलं की पुन्हा ३०. वर्गात पाच मुलींमधून प्रतिनिधी आणि उपप्रतिनिधी निवडायच्या तर २० प्रकार, फळा पुसायला दोघी निवडायच्या तर १०. पदं वेगळी असली की अदलाबदल करून काहीतरी बदलतं, काम एकच असलं की बदलत नाही. ‘दोघींची अदलाबदल केली तर निकाल बदलतो का?’ हा प्रश्न तिने प्रत्येक गणितात पेन्सिलीने समासात लिहावा.

तिघी निवडायच्या असतील तर काय होतं हेही हाताने करायला हवं, नाहीतर मुलं इथेही दोनानेच भागतात. मुली अ, क, ग, म, स. क्रमाने मोजलं तर ५ × ४ × ३ = ६०. यातून अ, क, ग या तिघींचे सगळे क्रम शोधून लिहा: अकग, अगक, कअग, कगअ, गअक, गकअ. सहा निघाले. म्हणजे प्रत्येक त्रिकूट सहा वेळा मोजलं गेलं, म्हणून ६० ÷ ६ = १०. पडताळा: तिघी निवडणं म्हणजे दोघी मागे ठेवणं, आणि दोघींच्या जोड्या १० हे आधीच निघालं आहे. भागायचा आकडा पाठ करायचा नसतो, ‘एक गोष्ट किती वेळा मोजली गेली’ याचं ते उत्तर असतं.

अक्षरांची मांडणी करताना मराठी माध्यमात एक वेगळी अडचण येते. ‘जळगाव’मध्ये ज, ळ, गा, व अशी चार अक्षरं, कान्ह्यासकट ‘गा’ एक. मांडण्या ४ × ३ × २ × १ = २४. ‘रावेर’मध्ये रा आणि र वेगळी अक्षरं आहेत, म्हणून मांडण्या ६. कान्हा-मात्रा सुटी करून मोजायची नाही, हे आधीच ठरवून टाका. अक्षर परत येत असेल तर ‘पपई’ घ्या. एक प लाल, एक प हिरवा लिहून सहाही मांडण्या करा, मग त्या साध्या पेन्सिलीने, रंग न वापरता, पुन्हा उतरवा. दोन-दोन सारख्या होतात आणि तीनच उरतात: पपई, पईप, ईपप. ‘लखलख’मध्ये दोन ल आणि दोन ख, म्हणून २४ ÷ २ ÷ २ = ६.

हे शेवटचं गणित तुमच्या चाळीसगावाशी जोडलेलं आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत ‘अंकपाश’ नावाचं प्रकरण आहे आणि त्यात २, २, १, १ या अंकांच्या किती संख्या होतील असा प्रश्न आहे. उत्तर हेच, ६. पुढे ४, ८, ५, ५, ५ चा प्रश्न आहे, तिथे १२० ÷ ६ = २०. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म किती प्रकारे धरता येतील याचं उत्तर २४, आणि शंकराच्या दहा हातांतल्या दहा आयुधांचं ३६,२८,८००. त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटणला या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख पाटणादेवीच्या परिसरात सापडला. तो तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. मुलीला तिथे नेणार असाल तर हे प्रश्न वहीत उतरवून न्या.

लीलावतीतलं सहा रसांचं गणित तर निवडीच्या सरावासाठी उत्तम. गोड, तिखट, तुरट, आंबट, खारट, कडू. एक रस, दोन रस, तीन रस असे घेत किती चवी होतील? तिथली रीत अशी की वर ६, ५, ४, ३, २, १ आणि खाली १, २, ३, ४, ५, ६ मांडायचे आणि एकेक अपूर्णांक गुणत जायचं. ६ ÷ १ = ६. त्याला ५ ने गुणून २ ने भागलं की १५. त्याला ४ ने गुणून ३ ने भागलं की २०. पुढे १५, ६ आणि १, एकूण ६३. १५ वरून २० कसे आले ते बघा: प्रत्येक जोडीला उरलेल्या चारपैकी एक रस जोडता येतो, पण प्रत्येक त्रिकूट तीन वेगळ्या जोड्यांतून तयार होतं, म्हणून तीनदा मोजलं जातं. पडताळा दुसऱ्या वाटेने करा. प्रत्येक रसाबाबत ‘घातला’ किंवा ‘नाही घातला’ असे दोन पर्याय, म्हणून दोनाला सहा वेळा गुणून ६४, त्यातून काहीच न घातलेला एक प्रकार वजा.

अंकांपासून संख्या करण्याच्या गणितात शून्य घात करतं. ०, ३, ५, ८ वापरून, अंक परत न घेता, तीन अंकी संख्या किती? शतकस्थानी शून्य चालत नाही, म्हणून आधी तीच जागा भरा: ३ × ३ × २ = १८. अंक परत घेता येत असतील तर ३ × ४ × ४ = ४८. सम संख्या विचारल्या (अंक परत न घेता) तर दोन भाग करावेच लागतात. एककस्थानी शून्य असेल तर ३ × २ = ६; ८ असेल तर शतकाला ३ किंवा ५ आणि दशकाला उरलेले दोन, २ × २ = ४; एकूण १०. जिथे सर्वात जास्त बंधन, ती जागा आधी भरायची.

आता संभाव्यता. निष्पत्ती म्हणजे घडू शकणारा एकेक निकाल. अपेक्षित निष्पत्ती भागिले एकूण निष्पत्ती हे सूत्र तेव्हाच खरं, जेव्हा सगळ्या निष्पत्ती समसंभाव्य असतात, म्हणजे प्रत्येक येण्याची शक्यता सारखीच असते. मुलं सूत्र पाठ करतात आणि ही अट विसरतात. ‘उद्या वाघूरला पूर येईल किंवा येणार नाही, दोनच शक्यता, म्हणून १/२’ हा तर्क कुठे मोडतो ते तिला शोधू द्या.

दोन नाणी उडवली की दोन छापे, दोन काटे किंवा एकेक, अशा तीनच निष्पत्ती बहुतेक मुलं लिहितात. फ्रेंच गणिती द’आलांबेर यानेही १७५४ साली विश्वकोशातल्या लेखात अशीच गल्लत केली आणि दोन फेकींत किमान एक छापा येण्याची संभाव्यता २/३ सांगितली. खरं उत्तर ३/४. मुलीकडून चूक झाली तर तिला हे जरूर सांगा. उपाय म्हणजे एक नाणं रुपयाचं आणि एक पाच रुपयांचं घ्यायचं. मग ‘रुपयावर छापा, पाचवर काटा’ आणि उलट, हे दोन वेगळे दिसतात. फाशांचंही तसंच: लुडोचे दोन वेगळ्या रंगांचे फासे घ्या, वहीत ६ × ६ चा चौकोन आखा, आडवा लाल, उभा निळा, आणि ३६ घरांत बेरजा भरा. सातची सहा घरं तिरक्या रेषेत येतात, बारा फक्त एका घरात. दोन्ही फाशांवर सारखा अंक ६ घरांत. ‘किमान एका फाशावर ६’ विचारलं की १/६ + १/६ = १२/३६ असं उत्तर येतं; चौकोनात मोजली तर घरं ११ आहेत, कारण ६-६ चं घर दोनदा धरलं गेलं. स्टेशनांच्या गणितातही हीच चूक होती, ती तिला इथे ओळखता आली पाहिजे.

हातात खेळायला चिंचोके द्या. चिंचोका फोडून दोन फाका केल्या की एक बाजू पांढरी, एक काळपट. चार फाकांच्या १६ निष्पत्ती लिहिल्या तर पांढऱ्या बाजू ०, १, २, ३, ४ येण्याचे प्रकार १, ४, ६, ४, १. पण फाक ही नाण्यासारखी सपाट नसते. म्हणून एकच फाक १०० वेळा टाकून नोंद ठेवा. पांढरी ५० च्या खूप खाली किंवा वर गेली तर या फाकेच्या बाबतीत समसंभाव्यतेची अट मोडते, आणि १६ चा हिशेब तिथे लागू नाही. टाकायची उंची एकच ठेवा, आणि टाकायला सपाट फरशी घ्या. चादरीवर निकाल वेगळा येतो.

खऱ्या नाण्याच्या नोंदीत मुलांची एक निराशा होते. १० वेळा उडवलं की ५ छापे यायलाच हवेत असं त्यांना वाटतं. नेमके ५ छापे येण्याची संभाव्यता २५२/१०२४, म्हणजे चारात एक. ५० फेकींत १८ ते ३२ छापे आले तर नाण्यात खोट समजू नये. लागोपाठ चार छापे आल्यावर पाचव्यांदा काटा ‘यायलाच हवा’ असं तिला वाटलं, तर पाचव्या फेकीच्या फक्त दोन निष्पत्ती लिहायला लावा.

थोडा मोठा प्रयोग रस्त्यावर करता येतो. एमएच-१८, एमएच-१९, एमएच-३९ च्या ५० गाड्यांचे शेवटचे चार अंक लिहा. ४५ असेल तर ००४५ करा. चारही अंक वेगळे असलेल्या गाड्या किती? हिशेबाने १० × ९ × ८ × ७ = ५०४०, आणि ०००० सोडून एकूण क्रमांक ९९९९, म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त. इतक्या गाड्यांत एखादा अंक परत येतो याचं मुलांना नवल वाटतं. लोक आवडीचे क्रमांक मागून घेतात, त्यामुळे रस्त्यावरचा आकडा हिशेबापासून थोडा हलू शकतो. का हलतो हे तिने सांगायचं.

पिशवीतून न बघता काढायच्या गणितांसाठी सारख्या आकाराची बटणं घ्या, शेंगदाणे आणि हरभरे नकोत, ते हाताला कळतात. ३ लाल, २ पांढरी. दोन काढली तर दोन्ही लाल? लाल बटणांना १, २, ३ आकडे द्या आणि जोड्या लिहा: एकूण १०, त्यात लाल-लाल ३, म्हणून ३/१०. पहिलं बटण परत टाकलं तर ३/५ × ३/५ = ९/२५. ‘परत टाकलं का?’ हे वाक्य गणितात नसेल तर सोडवण्याआधी विचारायची सवय हवी.

भाषेचाही अडसर असतो. ‘किमान एक’, ‘नेमका एक’, ‘जास्तीत जास्त एक’ हे शब्द मुलं एकच समजतात. तीन नाण्यांच्या ८ निष्पत्ती लिहून छाप्यांसाठी तिन्ही मोजा: ७/८, ३/८, ४/८. घरात अहिराणी बोलत असाल तर तिला हे अहिराणीतच समजावून सांगू द्या. स्वतःच्या बोलीत नीट सांगता आलं म्हणजे अर्थ पोचला. ‘किमान’ असलं की ‘एकही नाही’ मोजून १ मधून वजा करणं सोपं पडतं, पण आधी यादीने दोन-तीनदा पडताळून मगच ही वाट दाखवा.

रोज वीस मिनिटं पुरेत: तीन गणितं, त्यांतलं एक आदल्या आठवड्यातलं. पहिल्या दहा दिवसांनंतर सूत्र वापरू द्या, पण उत्तर लिहिण्याआधी आकडे लहान करून तपासायला लावा. सहा संघ असतील तर आधी तीन संघांचं करून बघायचं, सामने तीनच येतात का. संभाव्यता १ पेक्षा मोठी आली, किंवा सगळ्या बेरजांच्या संभाव्यता मिळवून १ झाली नाही, तर तिला चूक सांगू नका. ३६ घरांचा चौकोन तिच्यासमोर ठेवा आणि कुठलं घर सुटलं किंवा दोनदा आलं ते तिलाच बोट ठेवून दाखवू द्या.